गरम चहा

परवा आमची भिशी होती, तळमजल्यावरच्या वहिनींकडे. चिठ्ठी निघाली, दडपे पोहे झाले, आणि मग नेहमीप्रमाणे गाडी तब्येतीवर आली. गुडघे, थायरॉइड, झोप. तेवढ्यात एक जण माझ्याकडे बघून म्हणाली, ''काय गं, हल्ली बरी दिसतेस. मध्यंतरी किती ओढलेली होतीस! काय चालू केलंस? योगा? की ते ऑनलाइन काहीतरी?''

''काही नाही गं. चहा गरम पिते.''

सगळ्या हसल्या. मग हसू हळूहळू ओसरलं. एक जण म्हणाली, ''मी शेवटचा गरम चहा प्यायले ना, तो माहेरी. बाळंतपणाला गेले होते तेव्हा.'' दुसरी म्हणाली, ''मी तर मायक्रोवेव्ह घेतलाच चहासाठी.'' मग प्रत्येकीने आपापल्या गार चहाची कहाणी सांगितली आणि भिशी संपायला साडेसात वाजले.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी वेगळं नसणार. सकाळचा चहा आपणच करतो. सगळ्यांचे कप भरतो, नेऊन देतो आणि आपला कप ओट्यावर, मिक्सरच्या बाजूला, वर बशी झाकून ठेवतो. एक घोट घेतला की कुकर, दुसऱ्या घोटाला बेल, तिसऱ्याला ''अगं, माझे मोजे?'' बशी उचलून बघावं तर वर साय धरलेली. मग पुन्हा पातेल्यात ओतायचा, पुन्हा उकळायचा. त्या दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाला एक कडवट चव येते. तीस वर्षं मी तीच चव चहाची म्हणून पीत होते.

ती बदलली कशी, ते भिशीत सगळं सांगता आलं नाही. कारण त्याची सुरुवात चहापाशी नाही. एका अशा गोष्टीपाशी आहे जी मी घरात लेकीशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

आम्ही डोंबिवलीला राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बावीस वर्षं मी फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळले. सकाळची फास्ट, लेडीज डब्यातली चौथी सीट, परतीच्या गाडीत निवडलेली भाजी, हे सगळं मी केलंय आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. २०२४च्या पावसाळ्यात सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा कुणीतरी घरी राहणं भागच होतं. पहिले तीन महिने दिवसाची बाई ठेवली. तो खर्च झेपेना, बायकाही टिकेनात. ऑक्टोबरात मी राजीनामा दिला. मला कुणी 'नोकरी सोड' म्हणालं नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. कारण या मुद्द्याकडे पुन्हा यायचंय.

डिसेंबरअखेर आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकीने टूम काढली, 'नवं वर्ष, नवी मी! २१ दिवसांचा आनंद संकल्प.' पहाटे पाचला उठायचं. लिंबू-मध-कोमट पाणी. प्राणायाम. दहा हजार पावलं. रात्री वहीत आभाराच्या पाच गोष्टी लिहायच्या. आणि रोज ग्रुपवर फुलाचं चित्र टाकून कळवायचं, 'डन!' मीही उत्साहात सामील झाले. खरं तर उत्साह कसला, बुडत्याला काडीचा आधार.

पाचला उठायचे म्हणजे काय, तर रात्री दोनदा सासूबाईंना कूस बदलून द्यायला उठून झाल्यावर तिसऱ्यांदा उठायचे. दहा हजार पावलं मी घरातल्या घरात हॉल ते स्वयंपाकघर करून भरायची. आभाराच्या वहीत लिहायचे, 'आज लाइट गेली नाही.' 'आज मटार स्वस्त मिळाले.' 'आज चादर एकदाच बदलावी लागली.' हसू नका, वही अजून आहे. नवव्या दिवशी झोप लागून गेली आणि ग्रुपवर फूल टाकलं नाही. दहाव्या दिवशी लाज वाटली म्हणून टाकलं नाही. अकराव्या दिवशी मी ग्रुप म्यूट केला. आता मी आनंदी राहण्यातही नापास झाले होते.

आणि दोनच दिवसांनी भोगी आली.

सकाळपासून धावपळ. भोगीची भाजी, तीळ लावून बाजरीची भाकरी, दुसऱ्या दिवशीच्या गुळाच्या पोळ्यांची तयारी. साडेबाराला सासूबाईंना मऊ भात भरवायला बसले. दोन घास गेले. तिसऱ्या घासाला त्यांनी मान वळवली, डावा हात वाडीला लागला आणि सगळा भात गाउनवर, चादरीवर, खाली. चादर तासाभरापूर्वीच बदललेली. मी ती रिकामी वाटी टेबलावर आपटली. स्टीलची वाटी, केवढा तो आवाज. आणि मी ओरडले, ''मुद्दाम करता का तुम्ही?''

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलता येतच नव्हतं धड. त्यांनी डाव्या हाताने चादरीवरचा भात गोळा करायला सुरुवात केली. शीत शीत वेचून मुठीत घेत होत्या. मूठ वळत नव्हती, भात पुन्हा सांडत होता, आणि त्या माझ्याकडे न बघता पुन्हा वेचत होत्या.

ही बाई माझ्या लग्नानंतर पहिली दहा वर्षं मला धाकात ठेवणारी. तिला मी घाबरवलं होतं. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. रडणं सासूबाईंसाठी कमी, स्वतःच्या भीतीने जास्त. आज वाटी आपटली, उद्या काय?

संध्याकाळी लेकीला फोन केला. ती पुण्याला मानसशास्त्रात एम.ए. करते. मला वाटलं होतं, 'असू दे गं आई, होतं असं' म्हणेल. ती म्हणाली, ''आई, बसून, न उठता, तू शेवटचं काय खाल्लंस किंवा प्यायलीस?''

मला राग आला. म्हटलं, ''मी काय सांगतेय आणि तू काय विचारतेस!''

''तेच विचारतेय. सांग ना.''

मला आठवेना. बरं, मी हिशेब ठेवणारी बाई, मला आठवू नये?

तर लेकीने एकच गोष्ट सांगितली. रोज सकाळी दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवलंस की तुझा चहा घे, गॅलरीत बस आणि तो गरम असेपर्यंत संपव. संपेपर्यंत उठायचं नाही. बाकी पहाट, पावलं, मध-लिंबू सगळं सोडून दे. मी म्हटलं, ''एवढ्याने काय होणार?'' ती म्हणाली, ''काही होण्यासाठी नाही सांगत. टिकण्यासाठी सांगतेय.''

नंतर ती संक्रांतीला आली तेव्हा तिने मला नीट समजावलं. मला ते आवडलं म्हणून तुम्हालाही सांगते. हे जे २१ दिवसांचं प्रकरण आहे ना, ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनपासून आलं. त्याच्या बघण्यात आलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. १९६०मध्ये त्याने ते पुस्तकात लिहिलं. पुढे त्यातलं 'निदान' गळून गेलं आणि राहिले २१ दिवस. दहा हजार पावलांचंही तसंच. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मीटर'. आकडा नावातून आला! मी हॉल ते स्वयंपाकघर घातलेल्या त्या फेऱ्या आठवून कपाळावर हात मारला.

मग सवय लागते तरी किती दिवसांत? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१०मध्ये तो छापून आला. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या क्षणाला जोडून करायची, म्हणजे नाश्ता झाला की, जेवणाआधी वगैरे. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असाही हिशेब निघाला. आणि मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आमच्या ग्रुपवर हे कुणी सांगितलं असतं तर ते फूल मी बाराव्या दिवशी टाकलं असतं.

तर दुधाचं पातेलं हा माझा खुंटा. दूध रोज तापतंच. त्यासाठी अलार्म लागत नाही, इच्छाशक्ती लागत नाही. पातेलं उतरलं की कप भरायचा आणि प्लास्टिकचं स्टूल गॅलरीत ओढायचं.

सोपं वाटतंय ना? करून बघा.

पहिल्या दिवशी मी बसले आणि दोन मिनिटांत हे गॅलरीच्या दारात. ''काय गं, बरं नाही का?'' सकाळी सात वाजता बाई बसलेली दिसली म्हणजे ती आजारीच असली पाहिजे. दुसऱ्या दिवशी ''टॉवेल कुठंय?'' मी म्हटलं, ''जागेवर.'' ''जागा कुठंय?'' तीस वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न! तरी उठले नाही. पाच मिनिटांनी हे टॉवेल घेऊन आले, एखादा शोध लागल्यासारखे.

पण यांच्यापेक्षा मोठा अडथळा मीच होते. समोर घासायची भांडी दिसताहेत आणि आपण बसलोय, हे पोटात ढवळून काढतं. हात शिवशिवतात. पहिले आठ-दहा दिवस मी गरम चहा असा घशात ओतायची की जीभ पोळायची. लेकीला सांगितलं तर म्हणे, ''आई, ही शर्यत नाहीये.'' आणि कानात एक जुनं वाक्य घुमायचं. लग्नाला सहा महिने झाले असतील, मी एकदा कप घेऊन खुर्चीत बसले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, ''सूनबाई, बसून चहा घ्यायला तू काय पाहुणी आहेस?'' त्या स्वतः कायम ओट्याला टेकून, उभ्यानेच घ्यायच्या.

आता त्याच सासूबाईंच्या उशाशी आम्ही देवघरातली छोटी घंटा ठेवली होती, काही लागलं तर वाजवायला. चौथ्या दिवशी माझा कप अर्धा असताना घंटा वाजली. मी उठले. पाचव्या दिवशी वाजली, उठले. सहाव्या दिवशी मी यांना म्हटलं, ''अहो, सकाळच्या पंधरा मिनिटांत घंटा वाजली तर तुम्ही बघायचं.''

''मला सव्वाआठची गाडी असते.''

''मलाही असायची. बावीस वर्षं.''

त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. दोन दिवस अबोला. ते वाईट नाहीत हो. आईचं सगळं करायची त्यांची तयारी होती, फक्त ते करणं त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. मग २०२५च्या फेब्रुवारीत पेपरात एक बातमी आली. सरकारने २०२४मध्ये देशभर पाहणी केली होती, लोक चोवीस तास कसे घालवतात याची. त्यात होतं, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरातल्या माणसांची देखभाल करण्यात बायकांची १४० मिनिटं, पुरुषांची ७४. मी ती बातमी मोठ्याने वाचली. ह्यांनी चष्मा काढला. ''८८ मिनिटं? मी कधी करतो ८८ मिनिटं?'' मी म्हटलं, ''तुम्ही नाही. तुमच्या वाटचीही दुसरं कुणीतरी करतंय.'' आम्ही दोघं इतके हसलो की आत घंटा वाजली. आणि हे उठले.

त्या दिवसापासून सकाळची पंधरा मिनिटं त्यांची. पहिल्यांदा आईला कूस बदलून देताना त्यांचा घाम निघाला. आता माझ्यापेक्षा चांगलं जमतं, ताकद जास्त ना.

चहानंतर हाताशी दोन-चार मिनिटं उरायला लागली. मी पुन्हा ती आभाराची वही काढली. लेकीने त्यावरही सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडून अशा चांगल्या गोष्टी सहा आठवडे लिहून घेतल्या. काहींनी आठवड्यातून एकदा लिहिल्या, काहींनी तीनदा. बरं वाटलं ते एकदाच लिहिणाऱ्यांना! रोज रोज आभार मानायला लागलं की त्याची आरती होते. तोंड म्हणतं, मन कुठेतरी भलतीकडे. म्हणून आभार मी रविवारवर ढकलले. मधल्या दिवशी काय लिहायचं? ''जे सांगता येत नाही ते,'' लेक म्हणाली. १९८६मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, पंधरा पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं होतं. झालेला प्रसंग आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिताना बरं वाटलं नाही, उलट त्रास झाला. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरांकडच्या खेपा कमी झाल्या.

मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली. पहिले तीन-चार दिवस हिशेबासारखंच. औषध दिलं, चादर बदलली. मग एके दिवशी लिहिलं गेलं, 'मला आईंचा राग येतो.' पेन थांबलं. कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'कधी कधी वाटतं, हे एकदाचं संपावं.' ते वाक्य लिहून मी वही मिटली ती आठवडाभर उघडली नाही. आपण अशा आहोत?

पण उघडली. आणि त्याखाली लिहिता लिहिता जे बाहेर आलं ते सासूबाईंबद्दलचं नव्हतंच. मला राग होता माझी नोकरी गेल्याचा. आणि नोकरी कुणी घालवली? हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हे, दीर, नणंद सगळे उभे होते. 'आता घरी कोण?' एवढंच कुणीतरी म्हणालं आणि त्या शांततेत मीच पटकन बोलून गेले, ''मी आहे ना.'' कुणी मागितलं नव्हतं. मी थांबले असते, दोन मिनिटं गप्प राहिले असते, तर कदाचित दुसरं कुणी बोललं असतं. कदाचित नसतंही. पण मी ती दोन मिनिटं कुणाला दिलीच नाहीत आणि मग तीन महिने सगळ्यांवर मनातल्या मनात चिडत राहिले. हे मला कुणा पुस्तकाने सांगितलं नाही. माझ्याच अक्षरात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेलं सापडलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी नणंदेला फोन केला आणि पहिल्यांदाच 'जमलं तर बघ' न म्हणता 'दोन महिन्यांतून एक आठवडा तू ये' म्हणाले. ती आली. येते. दीर परगावी, ते पैसे पाठवतात. त्यातून आठवड्यातले तीन दिवस दुपारची बाई पुन्हा लावली. त्या तीन दुपारी मी आमच्या जवळच्या एका दुकानदाराचे जीएसटीचे हिशेब लिहिते. फोर्ट नाही, फास्ट लोकल नाही, पण आकडे तेच. ताळा जमला की पोटातून जे बरं वाटतं, ते मी विसरले होते.

उरलेल्या दिवशी वाचते. लायब्ररीतून रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणलं. १९१० सालचं पुस्तक. शाळेत त्यातला धडा होता तेवढीच ओळख. १८७३मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही मुलगी. न्यायमूर्ती रात्री तिला शिकवायचे आणि दिवसा घरातल्या बायका त्या शिकण्यावरून तिला बोल लावायच्या. वाचताना मला सारखी आमची गॅलरी आठवत होती. माझा चहा कुठे आणि रमाबाईंचं शिकणं कुठे, तुलना नाहीच. पण बाई स्वतःसाठी बसली की घर अस्वस्थ होतं आणि त्या अस्वस्थतेत पुढे अनेकदा बायकाच असतात, हे मात्र ओळखीचं वाटलं.

कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी मी चहाची एक बारीक टिक करत होते. त्या टिका सलग नाहीत. मार्चमध्ये सासूबाईंना लघवीचा संसर्ग होऊन चार दिवस अॅडमिट करावं लागलं, ते चार चौकोन कोरे आहेत. पूर्वी मी म्हटलं असतं, तुटलं, संपलं. या वेळी घरी आलो, दुसऱ्या दिवशी दूध तापलं, स्टूल ओढलं. गुढीपाडव्याला कधीतरी लक्षात आलं की आठ-दहा दिवस टिक करायचीच राहिली आहे, बसणं मात्र राहिलेलं नाही.

एक सांगायला हवं. चहाने सगळं बरं होतं, असं मी म्हणत नाही. मधल्या काळात मला रात्र रात्र झोप नव्हती, अन्न जात नव्हतं, आणि त्या 'संपावं'मध्ये कधी कधी मीही असायचे. तेव्हा मी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला होता. केंद्र सरकारची ही सेवा २०२२मध्ये सुरू झाली, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना भेटायला सांगितलं, मी भेटले. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या कुठल्याही बाईला हे दिवस येऊ शकतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, हे मला कळायला उशीर लागला.

आणि सासूबाई? फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीने त्यांना अभ्यास दिला होता, एका वाडग्यातले राजमे बोटांनी उचलून दुसऱ्या वाडग्यात टाकायचे. उजव्या हाताने. पहिल्या आठवड्यात एकही राजमा उचलला गेला नाही. मग एक. सासूबाई रोज सकाळी पूजेला बसल्यासारख्या त्या वाडग्यापुढे बसतात. चिडत नाहीत, कंटाळत नाहीत, कुणाला फूल पाठवत नाहीत. गेल्या महिन्यात अकरा झाले. मी एकदा म्हटलं, ''आई, तुम्हाला कंटाळा नाही येत?'' त्या म्हणाल्या, शब्द शोधत, ''अगं... रांगोळी... काढायचीय.'' चाळीस वर्षं दारात रोज रांगोळी घालणारी बाई. मला इतके महिने वाटत होतं, त्या नुसत्या पडून आहेत.

भोगीबद्दल मी त्यांची माफी मागितली. बरेच महिने उशिरा, गॅलरीत. आता त्यांना आधार देऊन खुर्चीपर्यंत चालवत आणता येतं. गिळायला त्रास नाही ना, हे डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर मी त्यांनाही माझ्याबरोबरच चहा देते, जाड कानाच्या कपात, अर्धाच भरून, बेताचा गरम. त्या दिवशी मी म्हटलं, ''आई, मी तेव्हा ओरडले.'' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं, हे डोळ्यांत दिसलं. मान हलवली त्यांनी, ती हो म्हणून की असू दे म्हणून, मला कळलं नाही. मग डाव्या हाताने कप उचलला, घोट घेतला, आणि जरा आश्चर्याने म्हणाल्या, ''गरम... आहे.''

बेल वाजली. आम्ही दोघी बसूनच होतो. ह्यांनी दार उघडलं, इस्त्रीवाला आला होता.

''अगं, किती कपडे द्यायचेत?'' हे आतून ओरडले.

''मोजा,'' मी म्हटलं.